उबुंटूच्या लॅबमध्ये सेटिंग बसत नाही? आधी डीकॉन्फचे थर बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर कुणी वाचलं तर त्यालाही धागा लागेल. नाशिकरोडला तुमचा कॉम्प्युटर क्लास आहे आणि लॅबमधल्या सगळ्या मशीनवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. तीन गोष्टी सगळीकडे सारख्या हव्यात: क्लासचा लोगो असलेला वॉलपेपर, इंग्रजीच्या जोडीला मराठी कीबोर्ड, आणि शिकवता शिकवता पाच मिनिटांत स्क्रीन काळी होऊन पासवर्ड मागते ते बंद. एका व्हिडिओत बघून तुम्ही डीकॉन्फची (डेस्कटॉपच्या सेटिंग साठवणारी यंत्रणा) सेटिंग फाइल केली आणि सगळ्या मशीनवर टाकली. आधी कुठेच काही झालं नाही. मग 'प्रोफाइल' नावाची आणखी एक फाइल लागते असं कळलं. ती टाकल्यावर काही ठिकाणी वॉलपेपर आला, काही ठिकाणी नाही. मराठी कीबोर्ड नव्या विद्यार्थ्यांना दिसतो, जुन्यांना नाही. स्क्रीन मात्र सगळीकडे काळी होतेच. आणि आता वैतागून विचारताय, की लॉगिन झाल्या झाल्या सगळं बदलून टाकणारी स्क्रिप्टच लिहू का?

नका लिहू. का नको ते पुढे सांगतो. आधी हे समजून घ्या, की तुमच्याकडे बिघाड एक नाही. एकाच तक्रारीखाली चार वेगवेगळी कारणं लपली आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. म्हणूनच एक काही केलं की अर्धंच सुधारतं. मी अंबड-सातपूरमधल्या काही छोट्या कंपन्यांची ऑफिसं आणि गंगापूर रोडपासून सिन्नरपर्यंतच्या काही शाळांच्या लॅब बघतो. डीकॉन्फबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: आपण फाइलमध्ये लिहिलं म्हणजे हुकूम सोडला असं आपण धरून चालतो, आणि डीकॉन्फच्या लेखी ती फक्त एक सूचना असते, तीही खालच्या थरातली.

एक खुलासा. फाइलींची नावं आणि कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. मी धरून चालतोय की तुमच्याकडे उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप, म्हणजे नोम आहे. झुबुंटू असेल तर तिथला एक्सएफसीई स्वतःची सेटिंग एक्सएफकॉन्फमध्ये ठेवतो, तिथे हे उत्तर लागू नाही. लिनक्स मिंटचा सिनॅमन असेल तर यंत्रणा हीच, पण पत्ते 'ऑर्ग/सिनॅमन'ने सुरू होतात. 'ऑर्ग/नोम'मध्ये वॉलपेपर लिहून तिथे काही हलणार नाही. दुसरं, विद्यार्थ्यांची खाती त्या त्या मशीनवरच आहेत असं मी समजतो. सगळ्यांचे होम फोल्डर एका सर्व्हरवरून एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची पद्धत) येत असतील तर एक जादा ओळ लागते, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

थर कसे रचलेत ते पाहू. एखादा प्रोग्रॅम विचारतो, "वॉलपेपर कुठला?" हा प्रश्न जीसेटिंग्जमार्फत (प्रोग्रॅम आणि डीकॉन्फ यांच्यामधला दुवा) डीकॉन्फकडे जातो. सगळ्यात वर त्या युजरचा स्वतःचा डेटाबेस असतो: होममधल्या लपलेल्या 'डॉट कॉन्फिग' फोल्डरात, 'डीकॉन्फ'च्या आत 'युजर' नावाची एकच फाइल. ती बायनरी आहे, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी नाही; टेक्स्ट एडिटरमध्ये उघडू नका. तिथे उत्तर मिळालं की शोध संपला. नाही मिळालं तर खालचे सिस्टम डेटाबेस, प्रोफाइलमध्ये ज्या क्रमाने लिहिलेत त्या क्रमाने. तिथेही नाही मिळालं तर सगळ्यात तळाशी स्कीमा, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्याने ठरवलेली मूळ किंमत. उबुंटूचा स्वतःचा वॉलपेपर किंवा डॉकची ठेवण ही याच तळच्या थरात, स्कीमाच्या ओव्हरराइड फाइलींमधून येते. तुम्ही जी फाइल टाकलीत ती मधल्या थरातली. वरच्या थरात काही असेल तर तिला कुणी विचारतच नाही.

पहिलं कारण: आधी कुठेच काही का झालं नाही. हे थर कोणते आणि कुठल्या क्रमाने, ते ठरवते प्रोफाइल फाइल. ती ईटीसी या सिस्टमच्या सेटिंगच्या फोल्डरातल्या 'डीकॉन्फ/प्रोफाइल'मध्ये असते आणि तिचं नाव नुसतं 'युजर', पुढे काही एक्स्टेन्शन नाही. फेडोरावर ती तयार मिळते आणि तिच्यात 'लोकल' डेटाबेसचा उल्लेख आधीच असतो. उबुंटूवर ती साध्या इन्स्टॉलमध्ये नसते, आणि ती नसली की डीकॉन्फ फक्त युजरचा डेटाबेस वाचतो. म्हणजे तुम्ही 'लोकल'मध्ये कितीही लिहा, त्या खोलीत कुणी डोकावतच नाही. व्हिडिओवाल्याचं मशीन फेडोराचं असावं, हा माझा अंदाज. त्याच्याकडे चाललं, तुमच्याकडे नाही.

फाइलमध्ये दोनच ओळी पुरतात. पहिली: युजर-डीबी, कोलन, युजर. दुसरी: सिस्टम-डीबी, कोलन, लोकल. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या ओळीतला डेटाबेस लिहिण्यासाठी, बाकीचे फक्त वाचण्यासाठी. "आपली सेटिंग वरचढ व्हावी" म्हणून कुणी सिस्टमची ओळ वर नेतं. मग युजरला काहीच सेव्ह करता येत नाही आणि वेगळ्याच तक्रारी सुरू होतात. वरचढ करायचा रस्ता दुसरा आहे, कुलपाचा. तो पुढे येतो.

होम फोल्डर एनएफएसवर असतील तर या दोन ओळींच्या वर 'सर्व्हिस-डीबी' ची एक ओळ येते: कोलननंतर 'कीफाइल/युजर'. तिने युजरची सेटिंग बायनरीऐवजी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात. डीकॉन्फ आपली बायनरी फाइल थेट मेमरीत मॅप करून वाचतो, म्हणून तो इतका झटपट चालतो. पण नेटवर्कवरच्या फाइलशी हे जमत नाही. तुमच्याकडे हे नसेल तर विसरा.

आता सेटिंगची फाइल. 'डीकॉन्फ/डीबी' फोल्डरात 'लोकल डॉट डी' नावाचा फोल्डर, त्याच्या आत तुमच्या टेक्स्ट फाइली. मी नावाआधी आकडे लावतो, '००-क्लास', '१०-कीबोर्ड' असे. एकच किल्ली (म्हणजे एखाद्या सेटिंगचं नाव) दोन फाइलींत असेल तर नावाच्या क्रमाने शेवटी येणारी फाइल जिंकते, म्हणून मोठा आकडा वरचढ. हे माहीत असलं की एखाद्या लॅबपुरता वेगळा बदल '५०' नंबरच्या फाइलमध्ये टाकता येतो, मूळ फाइलला हात न लावता.

पण डीकॉन्फ या टेक्स्ट फाइली वाचतच नाही. तो वाचतो त्यांच्यापासून बनवलेली 'लोकल' नावाची बायनरी फाइल, आणि ती बनते 'सुडो डीकॉन्फ अपडेट' चालवल्यावर (सुडो म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, रूटच्या, अधिकाराने). फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी पुन्हा अपडेट. कमांड गुपचूप परत आली तर ठीक. काही कुरकुर केली तर ती वाचा. बहुतेक वेळा शब्दाभोवतीचं अवतरणचिन्ह राहिलेलं असतं. या फाइलीत मजकूर असलेली प्रत्येक किंमत एकेरी अवतरणात लागते आणि पत्ता चौकटी कंसात, तिरक्या रेघांनी, सुरुवातीला रेघ न देता. युजरने एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं, म्हणजे नवं प्रोफाइल लागू होतं.

इथे एक खोच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. 'लोकल' ही बनलेली फाइल सगळ्या युजरना वाचता आली पाहिजे. काही जण सुरक्षेसाठी रूटचा यूमास्क (नव्या फाइलींची परवानगी ठरवणारी सेटिंग) कडक ठेवतात. अशा मशीनवर अपडेट चालवलं की फाइल फक्त रूटलाच वाचता येते. मग रूट म्हणून तपासलं की सगळं बरोबर दिसतं, आणि विद्यार्थ्याच्या खात्यात काहीच नाही. त्या खात्यातून टर्मिनलमध्ये कुठलीही जीसेटिंग्जची कमांड दिली की फाइल उघडता आली नाही, 'एक्स्पेक्ट डीग्रेडेड परफॉर्मन्स' अशा अर्थाचा इशारा दिसतो. तो किरकोळ वाटतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. त्याचा खरा अर्थ असा, की तुमचा अख्खा थर गळून पडलाय.

दुसरं कारण, वॉलपेपरचं. काही मशीनवर आला आणि काहींवर नाही, याला माझ्या अनुभवात दोनच गोष्टी जबाबदार असतात. एक, चित्र कुठे ठेवलंय. तुमच्या स्वतःच्या खात्यातल्या 'पिक्चर्स'मध्ये असेल तर विद्यार्थ्याला ते वाचताच येणार नाही, कारण उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्याचं होम फोल्डर इतरांना बंद असतं. चित्र 'यूएसआर/शेअर/बॅकग्राउंड्स'मध्ये ठेवा आणि पत्ता 'फाइल' कोलन आणि तीन तिरक्या रेघांनी सुरू करा. दोन नव्हे, तीन.

दुसरी गोष्ट जास्त चकवणारी. २०२२ च्या नोम ४२ पासून वॉलपेपरच्या दोन किल्ल्या झाल्या: 'पिक्चर-यूआरआय' उजळ रूपासाठी आणि 'पिक्चर-यूआरआय-डार्क' गडद रूपासाठी. २२.०४ मध्ये नोम ४२ च आहे. ज्या विद्यार्थ्याने सेटिंगमध्ये जाऊन 'डार्क' निवडलंय त्याला दुसरीच किल्ली लागू होते. तुमचा व्हिडिओ त्याआधीचा असेल तर त्यात एकच असणार. दोन्ही लिहा, दोन्हींत तेच चित्र द्या.

तिसरं कारण, स्क्रीनचं. यावर जरा थांबतो, कारण हे कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी तुम्ही स्वतः सोडवाल. तुम्ही फाइलमध्ये 'आयडल-डिले' बरोबर शून्य असं लिहिलंत. दिसायला चूक काहीच नाही. पण डीकॉन्फमध्ये प्रत्येक किमतीला प्रकार असतो, आणि या किल्लीचा प्रकार आहे बिनचिन्हाचा बत्तीस बिटांचा पूर्णांक. नुसतं शून्य लिहिलं की तो साधा, चिन्हासहितचा पूर्णांक होतो. अपडेट तक्रार करत नाही, कारण डीकॉन्फला स्कीमा माहीत नसतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक आकडा लिहिलात आणि त्याने तो जपून ठेवला. प्रोग्रॅम मात्र जीसेटिंग्जमधून विचारतो. जीसेटिंग्ज प्रकार ताडून बघतो, जुळला नाही की ती किंमत मुकाट्याने बाजूला ठेवतो आणि मूळ किंमत देतो. मूळ किंमत ३०० सेकंद, म्हणजे तुमची ती पाच मिनिटं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर विद्यार्थ्याच्या खात्यातून दोन कमांड चालवा. 'डीकॉन्फ रीड' आणि पूर्ण पत्ता, 'ऑर्ग/नोम/डेस्कटॉप/सेशन/आयडल-डिले', इथे सुरुवातीला तिरकी रेघ हवी. उत्तर येईल शून्य. मग 'जीसेटिंग्ज गेट', स्कीमाचं नाव टिंबांनी, आणि किल्ली. उत्तर येईल 'यूइंट३२ ३००'. पहिली कमांड सांगते फाइलीत काय आहे, दुसरी सांगते प्रोग्रॅमला काय दिसतं. दोन उत्तरं वेगळी आली की प्रकार चुकलाय हे पक्कं. उपाय एका शब्दाचा: शून्याच्या आधी 'यूइंट३२' लिहायचं, मध्ये एक जागा सोडून. सोबत 'ऑर्ग/नोम/डेस्कटॉप/स्क्रीनसेव्हर'मधली 'लॉक-एनेबल्ड' 'फॉल्स' करा, तिला अवतरण नको.

प्रकार पाठ करत बसायची गरज नाही. एका मशीनवर टर्मिनलमध्ये 'डीकॉन्फ वॉच' आणि एक तिरकी रेघ असं चालू करून ठेवा, आणि शेजारी सेटिंगची नेहमीची खिडकी उघडून हवा तो बदल माऊसने करा. टर्मिनलमध्ये त्याच क्षणी पूर्ण पत्ता आणि किंमत, प्रकारासकट, छापून येते. तीच उचलून फाइलमध्ये टाका. मी अजूनही असंच करतो. नेटवरची जुनी यादी शोधण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण तुमच्या आवृत्तीत जे चालतं तेच दिसतं.

पत्त्यांवरून आठवलं. स्कीमाच्या नावात टिंबांच्या जागी तिरक्या रेघा घातल्या की पत्ता तयार, हा समज बहुतेक ठिकाणी खरा ठरतो म्हणूनच घातक आहे. प्रॉक्सीचा स्कीमा 'ऑर्ग डॉट नोम डॉट सिस्टम डॉट प्रॉक्सी', पण पत्ता नुसता 'सिस्टम/प्रॉक्सी'. एका ऑफिसात मी पोचलो तेव्हा सगळ्या मशीनवर प्रॉक्सीची फाइल नीटनेटकी लिहिलेली होती, अपडेट बिनतक्रार होत होतं आणि इंटरनेट मात्र सगळं थेट चाललं होतं. किंमत अशा पत्त्यावर ठेवलेली, जिथे कुणी राहतच नाही. वॉचने बघितलं असतं तर हे पहिल्या मिनिटात कळलं असतं.

चौथं कारण, जुने विद्यार्थी आणि नवे विद्यार्थी. वरच्या थराने खालच्याला झाकलंय, बस. तुम्ही म्हणाल, पोरांनी कीबोर्डला हातही लावलेला नाही. बरोबर आहे, पण पहिल्या लॉगिनला कीबोर्डची यादी रिकामी दिसली तर नोमचं सेशन मशीनचा मूळ कीबोर्ड स्वतःच युजरच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं. म्हणजे तुमची फाइल येण्याआधी ज्यांनी एकदाही लॉगिन केलं त्यांच्या वरच्या थरात उत्तर आधीच बसलेलं आहे. नव्यांच्या वरच्या थरात काही नाही, म्हणून त्यांना तुमची यादी मिळते. तुमची फाइल बरोबरच आहे.

जुन्या खात्यांसाठी एकदाच साफसफाई करायची. त्या युजरच्या खात्यातून 'डीकॉन्फ रीसेट' आणि किल्लीचा पत्ता दिला की वरच्या थरातली तेवढी नोंद पुसली जाते आणि खालची वर दिसते. अख्खा फोल्डर पुसायचा तर 'उणे एफ' लावून, शेवटी तिरकी रेघ देऊन. सगळ्यांच्या खात्यात नवीन कोरी सुरुवात हवी असेल तर ते लॉगआउट असताना ती बायनरी 'युजर' फाइलच काढून टाकता येते, पण त्याने पोरांनी स्वतःहून केलेलं सगळंच जाईल. मी एक-एक किल्ली रीसेट करणं पसंत करतो.

कीबोर्डच्या यादीत इंग्रजी पहिलं ठेवा. मराठी पहिलं ठेवलं तर पासवर्डच्या जागी देवनागरी उमटतं आणि सकाळच्या बॅचला तुम्हीच मशीनपाशी धावत राहता. यादी लिहिताना बाहेर चौकटी कंस, आत प्रत्येक कीबोर्ड गोल कंसात जोडीने: आधी 'एक्सकेबी', मग लेआउटचं नाव. हेही वॉचमधूनच उचला, हाताने लिहिताना स्वल्पविराम हमखास गळतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: प्रोफाइल नसेल तर थरच नाही, अपडेट नसेल तर थर जुना, वाचायची परवानगी नसेल तर थर अदृश्य, प्रकार किंवा पत्ता चुकला तर किंमत असून नसल्यासारखी, आणि सगळं बरोबर असूनही युजरच्या थरात काही असेल तर तेच चालतं.

शेवटच्या मुद्द्यावर उपाय म्हणून कुलूप येतं. 'लोकल डॉट डी'च्या आत 'लॉक्स' नावाचा फोल्डर करायचा, त्यात एक टेक्स्ट फाइल, आणि तिच्यात प्रत्येक ओळीवर एका किल्लीचा पूर्ण पत्ता. इथे मात्र सुरुवातीची तिरकी रेघ हवीच. पुन्हा अपडेट. कुलूप असलेल्या किल्लीसाठी डीकॉन्फ कुलपाच्या वरचे सगळे थर सोडून देतो, युजरच्या डेटाबेसमध्ये काहीही असो. सेटिंगच्या खिडकीत बहुतेक ठिकाणी तो पर्याय फिका पडतो. कुलूप लागलं का ते बघायला 'जीसेटिंग्ज रायटेबल' ही कमांड. 'फॉल्स' आलं की लागलं. कुलूप लावायच्या आधी त्याच थरात किंमत लिहिलेली असल्याची खात्री करा. नुसतंच कुलूप लावलं तर स्कीमातली मूळ किंमत कुलूपबंद होते, आणि लॅबभर उबुंटूचा मूळ वॉलपेपर पक्का होऊन बसतो.

मग सगळ्यालाच कुलूप लावून मोकळं व्हावं असं वाटेल. इथे माझं मत ठाम आहे: जितकं कमी लावाल तितकं बरं. प्रत्येक किल्लीपाशी स्वतःला विचारा, विद्यार्थ्याने हे बदललं तर पुढच्या बॅचचं काय अडेल? वॉलपेपरला लावा, क्लासची ओळख आहे आणि एकाच मशीनवर दिवसभर वेगवेगळी पोरं बसतात. स्क्रीन लॉकला लावा, कारण कुणी लॉक चालू करून निघून गेला तर मशीन अडकतं. कीबोर्डला लावू नका. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्यांचा हात रेमिंग्टनवर बसलेला असतो, कुणाला इनस्क्रिप्ट येतं, कुणाला उच्चारानुसार टाइप करायचं असतं. तुम्ही चांगली सुरुवातीची यादी द्या, पुढे ज्याचं त्याला बघू द्या. अक्षरांच्या आकाराला तर चुकूनही नाही. दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मालकाच्या आग्रहाने सगळ्या मशीनवर 'टेक्स्ट-स्केलिंग-फॅक्टर' कुलूपबंद केलेला होता, सगळे स्क्रीन सारखे दिसावेत म्हणून. सीझन सुरू झाला आणि वयस्क सुपरवायझरना बॉक्सच्या नोंदी वाचता येईनात. दिसण्याचा एकसारखेपणा आणि वापरण्याची सोय यात भांडण लागलं तर सोयीची बाजू घ्या.

आणि कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे, हेही सांगून ठेवतो. 'डीकॉन्फ प्रोफाइल' या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून जाणकार पोरगा दुसरंच प्रोफाइल वापरू शकतो. डीकॉन्फमध्ये यावरही तोड आहे, 'रन/डीकॉन्फ/युजर'मध्ये त्या युजरच्या नंबराने ठेवलेलं प्रोफाइल सक्तीचं असतं. पण क्लासच्या लॅबसाठी मी तिथपर्यंत जाणार नाही. ज्याला हे जमतं त्याला पुढच्या कोर्सला बसवा.

आता तुमची स्क्रिप्ट. लॉगिनला जीसेटिंग्ज सेट चालवणारी स्क्रिप्ट लिहिते कुठे? युजरच्या थरात, म्हणजे सगळ्यात वर. प्रत्येकाच्या खात्यात ती तुमच्या किमती पेरत जाते. सहा महिन्यांनी लोगो बदलला, तुम्ही शहाणपणाने सिस्टमच्या फाइलमध्ये नवीन चित्र टाकलं आणि स्क्रिप्ट काढून टाकली, तरी जुन्या किमती प्रत्येकाच्या वरच्या थरात तशाच राहतात आणि तुमच्या नव्या फाइलला झाकतात. आज जुन्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत जो त्रास होतोय तोच तुम्ही स्वतःच्या हाताने सगळ्यांसाठी तयार कराल. शिवाय कीबोर्डसारखी जी गोष्ट बदलायची मुभा द्यायची आहे, ती स्क्रिप्ट रोज सकाळी मोडून टाकणार. आणि कुणी ती सुडोने किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालवली तर आणखी मजा: ती रूटच्या डेटाबेसमध्ये लिहील किंवा सेशनची डी-बस (प्रोग्रॅममधल्या निरोपांची वाट) न सापडून काहीच लिहिणार नाही.

लॉगिनच्या स्क्रीनवरही लोगो हवा असेल तर तो वेगळा कारभार आहे. ती स्क्रीन जीडीएम नावाच्या वेगळ्या युजरखाली आणि स्वतःच्या प्रोफाइलने चालते, त्यामुळे 'युजर' प्रोफाइलमधलं काही तिला लागू होत नाही. उबुंटूवर 'ईटीसी/जीडीएम३'मधल्या 'ग्रीटर' नावाने सुरू होणाऱ्या डीकॉन्फ-डीफॉल्ट्स फाइलमध्ये नमुने कॉमेंट करून ठेवलेले असतात, तिथून सुरुवात करा.

सगळ्या मशीनवर न्यायचं काम सोपं आहे. प्रोफाइल, 'लोकल डॉट डी' आणि चित्र एवढंच एका मशीनवर नीट बसवा, मग आरसिंक किंवा अॅन्सिबलने पसरवा आणि प्रत्येक मशीनवर अपडेट चालवा. बनलेली बायनरी कॉपी करू नका, टेक्स्ट फाइली करा. पुढच्या वर्षी बदल करायला त्याच लागणार.

सुरुवात मात्र सगळ्या मशीनपासून करू नका. एकच मशीन घ्या, जिथे वॉलपेपर येत नाही तिथलं, आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या खात्यातून लॉगिन करा. तिथे वॉलपेपरच्या दोन्ही किल्ल्यांसाठी तीन उत्तरं काढा: 'डीकॉन्फ रीड' काय म्हणतं, 'डीकॉन्फ रीड उणे डी' काय म्हणतं, 'जीसेटिंग्ज गेट' काय म्हणतं. 'उणे डी' युजरचा थर सोडून खालचं दाखवतं. तिथे रिकामं आलं तर प्रोफाइल, अपडेट किंवा परवानगी बघा. तिथे तुमचं चित्र आणि पहिल्या उत्तरात दुसरंच काही आलं तर युजरच्या थराने झाकलंय, रीसेट करा. तिन्हीकडे तुमचंच चित्र आणि पडद्यावर नाही, तर चित्राची फाइल त्या युजरला उघडता येते का ते बघा. तरीही सुटलं नाही तर ही तिन्ही उत्तरं जशीच्या तशी मला पाठवा, आणि कुठल्या खात्यातून काढली तेही लिहा. सुडो लावून काढलेली उत्तरं रूटची असतात, विद्यार्थ्याची नव्हे.